काचेवर उतरलेली विमानं

जुनी लढाऊ विमानं कॅमेऱ्यात पकडण्याचा छंद असलेली पुष्कळ माणसं युरोपात आहेत. पॅरिसच्या दक्षिणेला ला फेर्ते-आले इथं जुन्या विमानांचा मेळा भरतो, तेव्हा ही मंडळी गळ्यात लांबलचक लेन्स अडकवून जागा धरून बसतात. विमानं दुर्मिळ झाली, म्हणून हा जिव्हाळा. मला मात्र या छंदाचा मूळपुरुष वाटतो तो एक नऊ वर्षांचा मुलगा. विमानं नवीकोरी होती, ती उडतील की नाही हेच नक्की नव्हतं, तेव्हा त्यानं त्यांचे फोटो काढले. त्याचं नाव झाक आंरी लार्तिग.

१३ जून १८९४ रोजी पॅरिसला लागून असलेल्या कुर्बव्वा गावी तो जन्मला. घर श्रीमंत, वडील हौशी फोटोग्राफर. मुलाची प्रकृती तोळामासा. पाहिलेलं सुख हातून निसटतं याची त्याला लहानपणापासून हुरहुर लागे. १९०२ साली वडिलांनी त्याच्या हाती कॅमेरा दिला. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी; आत काचेची प्लेट. एक फोटो काढला की प्लेट बदलायची. समोरचं माणूस हललं तरी चित्र पुसट. अशा यंत्रानं धावतं-उडतं जग टिपायचा ध्यास या पोरानं घेतला.

एप्रिल १९०४ मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरल्या मेरलिमाँच्या वाळूच्या टेकड्यांवर गाब्रिएल व्वाझँ हा तरुण ग्लायडरमधून क्षणभर हवेत तरंगला. लार्तिगनं तो क्षण काचेवर उतरवला. पुढं इसी-ले-मुलिनो या लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर वैमानिकांची वर्दळ सुरू झाली. १३ जानेवारी १९०८ रोजी आंरी फार्मान यानं तिथंच एक किलोमीटरचा फेरा मारून जिथून निघाला तिथंच विमान आणलं. त्या काळात लार्तिग या मैदानावर पडीक असे. घरीही तेच वेड. थोरला भाऊ मोरिस, लाडकं नाव झिसू, रुझाच्या वाड्यावर स्वतः ग्लायडर बांधी. सप्टेंबर १९१० मधल्या एका फोटोत झिसूचं ‘झेडवायएक्स २४’ जमीन सोडतं आहे आणि खालची मंडळी आपणही उडणार अशा थाटात उड्या मारताहेत!

बँकेत असताना रोजकीर्द जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. लार्तिगची डायरी मला त्या रोजकीर्दीसारखी वाटते. आजची हवा कशी, कोण भेटलं, याची नोंद. शिवाय काढलेल्या फोटोचं छोटं रेखाचित्र. प्लेट बिघडली तरी क्षण हरवू नये, ही तजवीज. हे कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासणारही नव्हतं.

मग १९१४ साल उजाडलं. वाळूवर तरंगलेल्या व्वाझँच्या कारखान्यातून आता लष्करी विमानं बाहेर पडत होती. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी रँस शहराजवळ अशाच एका व्वाझँ विमानातून मशीनगन चालवून फ्रेंचांनी जर्मन विमान पाडलं. विमानानं विमानाला गोळ्या घालून पाडल्याची ही पहिली नोंद. मेरलिमाँच्या त्या सकाळीपासून अवघी दहा वर्षं लोटली होती. प्रकृतीमुळे लार्तिग आघाडीवर गेला नाही. पॅरिसमध्ये लष्करी डॉक्टरांची मोटार चालवायचं काम त्यानं पत्करलं. जुने फोटो मात्र अल्बममध्ये राहिले. विमान झुंजायला शिकलं नव्हतं, माणसं त्याच्याकडे निव्वळ आनंदानं मान वर करून पाहत होती, त्या मोजक्या वर्षांची ही साक्ष. या फोटोंचं मोल मला वाटतं ते यासाठी.

लार्तिग स्वतःला चित्रकार समजे. घरची श्रीमंती ओसरल्यावर रंग-ब्रशवरच त्याचा चरितार्थ चालला. फोटो हा घरगुती मामला. १९६२ मध्ये पत्नी फ्लोरेतसह तो अमेरिकेला गेला आणि ते फोटो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातले जॉन झारकॉव्हस्की यांच्यापर्यंत पोहोचले. १९६३ मध्ये तिथं प्रदर्शन भरलं तेव्हा लार्तिग एकोणसत्तर वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीलाही सरावलेला असतो! त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकानं त्याच्या फोटोंना पानं दिली आणि योगायोग असा की, तो अंक केनेडींच्या हत्येनंतरचा निघाला. दुःखानं हेलावलेल्या अमेरिकेनं तो घरोघर वाचला, जपला. त्या काळ्या बातमीच्या सोबतीनं ही हसरी, उडती माणसं जगापुढे आली.

पुढं मान मिळाला. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचा अधिकृत फोटो त्यानंच काढला. १९७९ मध्ये आयुष्यभराचे फोटो, अल्बम, डायऱ्या त्यानं फ्रान्सच्या सरकारला देऊन टाकल्या. १२ सप्टेंबर १९८६ रोजी नीस इथं, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

या कथेत मला त्याच्या वडिलांचं कौतुक वाटतं. आठ वर्षांच्याही न झालेल्या किंवा जेमतेम झालेल्या मुलाच्या हाती महागडी वस्तू द्यायची, त्यानं प्लेटमागून प्लेट खर्ची घालू द्यायची, आणि यातून पुढं काय निष्पन्न होणार हे विचारायचं नाही, याला मोठं मन लागतं. आपल्याही घरात एखादं पोर वहीच्या मागच्या पानावर विमानं काढत असेल. ते पान फाडून टाकण्याआधी एकदा नीट पाहावं, इतकंच.