जॉन गॉल्ट

जॉन गॉल्ट (२ मे १७७९ – ११ एप्रिल १८३९) हा स्कॉटिश कादंबरीकार, चरित्रकार आणि कॅनडातील वसाहतीचा एक संघटक होता. पश्चिम स्कॉटलंडमधील, विशेषतः एअरशायर परगण्यातील, खेडी व लहान नगरे हा त्याच्या लेखनाचा मुख्य विषय. आपल्या उत्तम पुस्तकांना कादंबऱ्या म्हणण्यापेक्षा समाजाचा इतिहास म्हणावे, असे त्याचे मत होते.

पूर्वायुष्य

गॉल्टचा जन्म अर्व्हिन या बंदरगावी झाला. वडील वेस्ट इंडिजच्या व्यापारी जहाजावर कप्तान होते. प्रकृतीने नाजूक असलेला हा मुलगा आजीच्या घरामागील बोळात राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या गोष्टी ऐकत वाढला. त्यांच्या बोलीचे संस्कार पुढे त्याच्या गद्यात उमटले. १७८९ मध्ये कुटुंब ग्रीनॉकला गेले. तेथे व्यापारी पेढीत कारकुनी केल्यावर १८०४ मध्ये तो लंडनला आला, पण त्याचा व्यापार बुडाला. नेपोलियनच्या व्यापारबंदीला वळसा घालून ब्रिटिश माल युरोपात पोहोचविण्याचा मार्ग शोधण्यासाठी १८०९ मध्ये त्याने भूमध्य समुद्राचा प्रवास केला. या प्रवासात कवी बायरनशी ओळख झाली व त्यातूनच १८३० मध्ये त्याने बायरनचे चरित्र लिहिले. १८१३ मध्ये एलिझाबेथ टिलॉकशी त्याचा विवाह झाला.

साहित्य

एका खेडेगावच्या पाद्र्याची कथा गॉल्टने १८१३ च्या सुमारासच प्रकाशकाकडे नेली होती. परंतु स्कॉटिश विषयावरील कादंबरी चालणार नाही या सबबीवर ती नाकारली गेली. पुढच्याच वर्षी वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’ने हा अंदाज खोटा ठरविला. ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मधील ‘द एअरशायर लेगटीज’ गाजल्यावर गॉल्टचे जुने हस्तलिखित ‘ॲनल्स ऑफ द पॅरिश’ (१८२१) या नावाने बाहेर आले. ‘लेगटीज’मध्ये हिंदुस्थानात मरण पावलेल्या एका कर्नलचा वारसा मिळविण्यासाठी लंडनला निघालेले पाद्र्याचे कुटुंब आहे.

‘ॲनल्स’मध्ये मायका बालव्हिडर हा पाद्री १७६० पासूनची आपल्या गावाची हकिकत वर्षवार सांगतो. चहाचे व्यसन, नवा रस्ता, कापसाची गिरणी, अमेरिकेच्या युद्धात गेलेली मुले आणि शेवटी गिरणीचे दिवाळे हे सारे तो एकाच सुरात नोंदवतो. त्यांपैकी कोणती घटना जग बदलणारी आहे हे त्या भोळ्या निवेदकाला उमगत नाही; वाचकाला मात्र औद्योगिक क्रांती डोळ्यांदेखत घडताना दिसते. पराक्रमी पुरुष व लढाया यांच्यावाचून इतिहास लिहिण्याचा हा प्रयोग त्या काळी नवा होता. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तरुण मित्रमंडळासाठी ‘उपयुक्ततावादी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द याच पुस्तकातून घेतला.

‘द प्रोव्होस्ट’ (१८२२) ही गावाचे हित आणि स्वतःचा लाभ सहज एकत्र करणाऱ्या नगराध्यक्षाची आत्मकथा. ‘द एन्टेल’मध्ये पूर्वजांची गेलेली जमीन परत मिळविण्याच्या हव्यासापायी एक बाप थोरल्या मुलाला डावलून मंदबुद्धी धाकट्याला वारस करतो. गॉल्टच्या उपरोधाची धार येथे सर्वाधिक तीक्ष्ण आहे. स्कॉटने ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’त कव्हेनंटर पंथीयांवर अन्याय केला असे वाटल्याने त्याने ‘रिंगन गिल्हेझ’ (१८२३) लिहिली. तीत तीन पिढ्यांचा धर्मच्छळ आला आहे. उदरनिर्वाहासाठी घाईने लिहिलेली त्याची इतर अनेक पुस्तके सामान्य आहेत.

कॅनडा

१८१२ च्या युद्धात नुकसान झालेल्या कॅनडावासीयांचा प्रतिनिधी या नात्याने सुरू झालेल्या खटपटीतून १८२६ मध्ये कॅनडा कंपनीला सनद मिळाली व गॉल्ट तिचा अधीक्षक झाला. २३ एप्रिल १८२७ रोजी मेपलचे झाड तोडून त्याने ग्वेल्फ शहराची स्थापना केली. त्याचा सहकारी विल्यम डनलॉप याला बंगालमधील सागर बेटावरच्या वाघांमुळे ‘टायगर’ हे टोपणनाव मिळाले होते. व्हेनेझुएलातून आलेल्या निर्धन स्कॉटिश वसाहतवाल्यांवर गॉल्टने केलेला खर्च लेफ्टनंट गव्हर्नर मेटलंड यांना रुचला नाही. इकडे लंडनच्या संचालकांना त्वरित नफा हवा होता. १८२९ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. त्याच वर्षी मुलांच्या शाळेची फी थकल्याने कर्जासाठी त्याला काही महिने तुरुंगात राहावे लागले.

अखेरची वर्षे

अर्धांगाचे झटके येत असतानाही त्याने लेखन चालू ठेवले. आत्मचरित्र १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीनॉक येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा अलेक्झांडर टिलॉक गॉल्ट १८६७ मध्ये कॅनडाचा पहिला अर्थमंत्री झाला. ओंटारिओतील गॉल्ट हे शहर या लेखकाच्या नावाने ओळखले जाई. १९७३ मध्ये ते केंब्रिज शहरात विलीन झाले.