विश्लेषण : पंडिता रमाबाईंच्या शंका आणि प्रार्थना

पंडिता रमाबाई म्हटले की शाळेच्या पुस्तकातली ओळ आठवते : संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन. याच बाईंनी आयुष्याची निम्मी वर्षे धर्माच्या प्रश्नांशी झुंजण्यात घालवली आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही ती झुंज थांबली नाही, हे फारसे सांगितले जात नाही. भूक, मृत्यू आणि संशय या तिन्हींना त्यांनी जवळून पाहिले होते. मग ख्रिस्ती प्रार्थनेत त्यांना आधार नेमका कधी सापडला? आणि बाप्तिस्म्यानंतर त्याला इतकी वर्षे का लागली?

भीतीची सुरुवात कुठे झाली?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि पुढे मुलीलाही शिकवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणे सांगत देशभर फिरत असे. मिळालेली दक्षिणा पुन्हा देवाब्राह्मणांनाच जाई. व्रते, उपवास, दाने यांत काही कमी नव्हते.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. जवळचे सगळे विकून झाले, शेवटचा तांदळाचा दाणाही संपला. मजुरी करणे किंवा भीक मागणे कुळाला कमीपणाचे वाटत होते. कुटुंब रानात शिरले आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि थोडी रानफळे यांवर राहिले. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचे ठरवले होते. थोरल्या भावाने, श्रीनिवासशास्त्रींनी, मी मजुरी करतो म्हणून त्यांना थांबवले. वडील तरीही वाचले नाहीत. मग आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

बहीणभाऊ पायी चालत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, कोरडी वाळू अंगावर ओढून दोघे झोपले. ज्या देवांसाठी सगळे वाहिले त्यांनी दुष्काळात हाक ऐकली नाही, ही गोष्ट तरुण रमाबाईंच्या मनातून गेली नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या शंकांचे मूळ इथे आहे. पुस्तके वाचून त्या संशयी झाल्या नव्हत्या, उपाशी राहून झाल्या होत्या.

कलकत्त्यात काय घडले?

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. एका मेळाव्यात मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून, डोळे मिटून बसली. बहीणभावाला वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! रमाबाईंनी पुढे स्वतःच ही आठवण लिहून ठेवली.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले. एक मिशनरी घरी येऊन बायबल समजावू लागला, पण पतीला ते रुचले नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ एक तान्ही मुलगी होती, आणि मोठे कुटुंब म्हणावे असे कोणीच उरले नव्हते.

बाप्तिस्मा, पण शंका कायम

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहण्याची सोय होती. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा बेत मागे पडला. या मठातल्या बायका लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. तो पाहून रमाबाई हलल्या. अशा स्त्रीला दार उघडे ठेवणारा धर्म त्यांना नवा होता. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांच्या मनात बसली ती याच काळात. मूळचे काशीचे नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने बुद्धीचे समाधान झाले.

त्याच वर्षी एक भयंकर प्रसंग घडला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी मनाचा तोल सुटलेल्या अवस्थेत स्वतःचे जीवन संपवले. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्याकडे होत्या, तेव्हा त्यांची अवस्था इतकी खचलेली होती की रात्री त्यांच्या खोलीत एका मोलकरणीला झोपावे लागे, असे म्युलर यांनी पुढे आठवणींत नोंदवले. दुष्काळ पायी तुडवलेली बाई रात्रीच्या अंधाराला घाबरत होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपते असे अनेकांना वाटते. टीकाकारांना हा विश्वासघात वाटला, मिशनऱ्यांना विजय. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. खुद्द रमाबाई या दोन्ही कप्प्यांत बसत नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी भगिनी जेराल्डीन आणि प्राचार्या डॉरोथिया बील यांना लिहिलेली पत्रे वाचली की हे कळते. देव एक आणि तीन कसा, येशूचा जन्म कुमारिकेपोटी झाला हे मानायलाच हवे का, चर्चने ठरवलेले मत म्हणजे देवाचे मत कशावरून, असे प्रश्न त्या सोडत नव्हत्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही वाद झाला. जेवण शाकाहारीच राहिले. एका पुरोहितवर्गाच्या हुकमातून सुटून दुसऱ्याच्या हुकमात जायचे नाही, एवढे पक्के होते. जेराल्डीनना हा अहंकार वाटे. आजच्या वाचकाला तो प्रामाणिकपणा वाटेल.

आधार केव्हा सापडला?

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली, तीत त्या सांगतात की तोपर्यंत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

मधल्या वर्षांत त्या अमेरिकेला जाऊन आल्या. डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला मार्च १८८६ मध्ये हजर राहिल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत गाजलेले पुस्तक लिहिले, बोस्टनमध्ये मदतीसाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. बाहेरून पाहिले तर यशाचा काळ. आत मात्र समाधान नव्हते.

याच सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा माणूस वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश करत होता, आणि एके दिवशी, स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर, आपल्याला आतून काहीच ठाऊक नव्हते हे त्याच्या ध्यानात आले. रमाबाईंनी या कथेत स्वतःला पाहिले. विद्वत्तेने जे सिद्ध करायचे ते त्यांनी सिद्ध केले होते. उरली होती ती साधी गोष्ट : काहीही सिद्ध न करता, रिकाम्या हाताने देवापुढे जाणे. लहानपणी देवापुढे काही ना काही घेऊनच जायचे असे, मग ते दान असो, उपवास असो की यात्रा. इंग्लंडात त्याच्या जागी अचूक मते आली होती. आता लाच नको आणि परीक्षाही नको, हे त्यांना उमगले. शंका विरल्या त्या उत्तरे मिळाल्याने नव्हेत. आधी शंका फिटेल आणि मगच देवापाशी जाता येईल, ही अटच गळून पडली.

याची किंमत काय मोजावी लागली?

मोठी. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते, त्यामुळे पुण्यात संशय वाढला. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. दार बंद करून प्रार्थना करता आली नसती का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त आहे. आपल्याच घरात लपून प्रार्थना करायची नाही, हे रमाबाईंचे म्हणणेही तितकेच समजण्यासारखे आहे. या वादात रानडे-भांडारकर खोटे ठरत नाहीत आणि रमाबाईही.

दुष्काळ पुन्हा समोर

१८९५ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. सोबत ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात एकट्याने प्रार्थना करताना रमाबाईंनी एक विचित्र मागणी केली : या पंधराच्या पंधरा पट कर, म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा इतक्या मुलींना जागाही नव्हती.

पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून त्यांना स्वतःचे ते अकरा दिवस आठवले असणार. हाताशी पैसा नव्हता, तरी त्या गेल्या आणि रस्त्यावरच्या, आश्रयगृहांतल्या हाडांचे सापळे झालेल्या मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. संख्या तीनशेच्या आसपास गेली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवण्याची परवानगी नव्हती, म्हणून दौंडजवळच्या केडगावी, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

बोस्टनच्या असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते, त्याची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर ठरलेले असे उत्पन्न नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवली होती. रमाबाईंपुढे तोच नमुना होता. पण गुडघे टेकून झाले की त्या हिशेबाला बसत. विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना, शेती यांत प्रत्येक मुलीला काम होते. या बाईंची प्रार्थना आणि त्यांचा व्यवहार यांत फट काढणे कठीण आहे. एक प्रश्न मात्र राहतोच. भुकेने मरणाऱ्या मुलीला जिथे भात मिळतो तिथला धर्म निवडताना ती कितपत मोकळी असते? टीकाकार हे तेव्हाही विचारत होते. ज्यांनी विचारले त्यांतल्या फार थोड्यांनी त्या मुलींसाठी दुसरे दार उघडले होते, हेही खरे.

१९०५ मध्ये काय झाले?

वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येईल असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. महिना संपता संपता मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, तासन्तास उठेनात. शिस्तीच्या युरोपीय मिशनऱ्यांपैकी काहींना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. घर, माणसे, गाव गमावलेल्या मुलींनी देवापुढे कसे रडावे, हे परदेशी पुस्तकावरून ठरवणे त्यांना मान्य नव्हते.

शेवटची वर्षे

प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बायकांना जड जाते, असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्याच बायका करत.

या कामाच्या अखेरीस सर्वात मोठा घाव बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, मुक्तीचा सगळा भार पुढे उचलणार असे धरलेली. ऑक्सफर्डच्या अंधाऱ्या रात्री जवळ माणूस लागणाऱ्या रमाबाईंजवळ आता रक्ताचे कोणीच नव्हते. त्या पुन्हा टेबलापाशी बसल्या आणि भाषांतराची मुद्रिते तपासू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. त्यांचे मराठी बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.