लक्ष्मणराव किर्लोस्कर : चित्रशाळेतून ओतशाळेकडे

चऱ्होलीच्या एका अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत आहे आणि इंद्रायणी ओलांडून उत्तरेला गेले की चाकणचे कारखाने लागतात. गावातील अनेक विद्यार्थ्यांच्या घरातील माणसे तेथेच कामाला जातात. तरीही ओतकाम म्हणजे धूर, घाम आणि अभ्यासात मागे पडलेल्यांचा धंदा, हा समज पुष्कळ घरांत अजून टिकून आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र या मुलांनी वाचायला हवे ते यासाठीच.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग खुंटला. रंगांवाचून चालणारे चित्र म्हणजे यंत्राचे रेखाटन. ते त्यांनी आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती जागा मिळाली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवले.

दुकानाला जोडून लहानसा कारखाना आला. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली!

असा नांगर ओतशाळेशिवाय होत नाही. ओतकामाचा आरंभ होतो तो कागदावरील रेखाटनापासून. त्यावरून लाकडी फर्मा बनतो. तोही मूळ वस्तूपेक्षा किंचित मोठा, कारण थिजताना बीड मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. फर्म्याभोवती ओलसर वाळू ठोकून साचा तयार होतो आणि त्यात सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापलेला रस ओततात. वाळूत ओल अधिक राहिली की वाफेने ओतीव पोकळ निघते. साच्यात फाळाच्या टोकाशी लोखंडी तुकडा बसवला, तर तेथील रस झटकन थंड होऊन टोक अतिशय कठीण बनते. घरातील बिडाचा तवा आणि मोटारीचा इंजिन ब्लॉक ही याच विद्येची अपत्ये. रेखाटन शिकवणाऱ्या शिक्षकाला या धंद्यात गती मिळावी, यात नवल नाही.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांचे वारूळ! त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथील माणसांची निवड मोठी विलक्षण होती. परीक्षांत सतत अनुत्तीर्ण झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते ठरले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्यांवर पहाऱ्याची जबाबदारी सोपवण्यात आली. गुणपत्रिकेपेक्षा हाताची करामत पाहण्याची ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती. आजही ती फारशी सुलभ झालेली नाही.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, अशी हकीकत सांगतात. तोफांचे नांगर झाले! पुढे उसाचे चरक आणि पंप आले.

१९४६ मध्ये चिरंजीव शंतनुरावांनी खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि किर्लोस्करांचा उद्योग चऱ्होलीपासून काही मैलांवर येऊन पोचला. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत त्यानंतरची, १९६० च्या दशकातील. आता ओतशाळांत रस कसा थिजेल हे संगणकावर आधी पाहतात. आयटीआयमधून फाउंड्रीमन होता येते, तर पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात धातुशास्त्राची पदवी घेता येते. फर्मा आणि वाळू मात्र सुटलेली नाही.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे जुने नाव मागे पडून रेल्वे स्थानकाला किर्लोस्करवाडी हे नाव केव्हाच मिळाले होते.