मोठ्या डावाला बसण्यापूर्वी

२०२४ च्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. फराळ झाला, पत्ते निघाले आणि बोलता बोलता त्याने सांगून टाकले की, तो मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळतो. दहा दिवस खेळला होता, त्यांतले सात दिवस जिंकला होता. आता छोट्या टेबलावरून मोठ्या टेबलावर जावे का, एवढाच त्याचा प्रश्न होता. मामाचे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले, तेव्हा मामाला हे ठाऊक असणार, असा त्याचा हिशेब.

मी त्याला उपदेश केला नाही. एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज इथे सांगतो.

जिरोलामो कार्दानो हा इटलीतल्या पाव्हिया गावी १५०१ साली जन्मला. वडील फाझ्यो हे मिलानमधले वकील आणि भूमितीचे जाणकार. भूमितीतल्या शंका त्यांना साक्षात लिओनार्दो द व्हिंची विचारत असे. पण जिरोलामोच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते आणि हा डाग मुलाच्या कपाळी आला. तो वैद्यक शिकला, १५२६ च्या सुमारास पदवीधर झाला. तरी मिलानच्या वैद्यमंडळाने जन्माचे कारण दाखवून त्याला दार बंद केले. तोवर वडील वारले होते. त्यांनी ठेवलेला पैसा संपला होता. उरला तो फाशांचा आणि पत्त्यांचा नाद.

गंमत अशी की, आरंभी या नादानेच त्याला हात दिला. समोरच्याला जे केवळ नशीब वाटे, त्यात याला हिशेब दिसे, आणि विद्यार्थिदशेतला खर्च बराचसा त्यातून निघे. एकदा व्हेनिसमध्ये एका श्रीमंताच्या घरी खेळताना पत्त्यांवर खुणा केल्याचे त्याच्या लक्षात आले. कार्दानोने खंजीर काढून यजमानाच्या तोंडावर वार केला, आपला पैसा उचलला आणि पळाला. रात्रीच्या अंधारात तो कालव्यात पडला. ज्या नावेचा त्याने आधार घेतला, त्या नावेत तोंडाला पट्टी बांधलेला तोच यजमान बसला होता! त्या भल्या माणसाने याला कोरडे कपडे दिले आणि दोघे एकत्रच पादुआला गेले.

पुढे १५३१ मध्ये लग्न झाले. वैद्यकीचे बस्तान बसेना, म्हणून जुगारावर संसार चालवण्याचा प्रयत्न झाला. बायकोचे दागिने गहाण पडले, मग घरातले सामानसुमान. अखेर नवरा-बायकोला मिलानच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात आसरा घ्यावा लागला. आपल्याकडे धर्मराजाची कथा लहान पोरालाही पाठ असते. इथे ती इटलीत घडत होती.

मात्र कार्दानो पुन्हा उठला. १५३४ मध्ये मिलानला गणित शिकवण्याची नोकरी लागली, १५३९ मध्ये वैद्यमंडळाचे दारही उघडले. १५४५ साली त्याचा ‘आर्स माग्ना’ हा बीजगणिताचा ग्रंथ निघाला. तिसऱ्या घाताच्या समीकरणांची उकल त्यात होती. ती गुप्त ठेवण्याचे वचन त्याने तार्ताल्याला दिले होते, ते त्याने मोडले. ग्रंथात त्याने तार्ताल्याला श्रेय दिले, तरी वैर जन्माचे झाले. १५५२ मध्ये तो थेट स्कॉटलंडला गेला, तिथल्या आर्चबिशपचा दमा तपासायला. पिसांची गादी-उशी टाका, असा त्याचा एक सल्ला होता. रोग्याला बरे वाटले आणि वैद्याला घसघशीत बिदागी मिळाली.

अशा या माणसाने द्यूतावर एक छोटे पुस्तक लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १६६३ साली, मृत्यूनंतर सत्याऐंशी वर्षांनी बाहेर आले. दोन फाशांच्या छत्तीस शक्यता आणि तीन फाशांच्या दोनशे सोळा शक्यता त्याने नीट मांडल्या. पोकरच्या पूर्वजांत गणला जाणारा प्रिमेरो हा पत्त्यांचा खेळही त्यात आहे. पण मला मोलाचा वाटतो तो त्यातला शहाणपणा. खेळायचेच तर क्वचित, थोडा वेळ, तोलामोलाच्या माणसाशी आणि अल्प पैशावर खेळावे, असे तो सांगतो. दोन्ही बाजू समान हव्यात, हा त्याचा मूळ नियम. पारडे समोरच्याकडे झुकलेले असेल तर आपण मूर्ख. आपल्याकडे असेल तर आपण अन्यायी. आणि सर्वांत मोठा फायदा न खेळण्यातच आहे, हेही त्याने लिहून ठेवले.

भाच्याला मी हे धरूनच हिशेब मांडून दाखवला. नुसते नाणे उडवले तरी दहापैकी सात किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण सहांत एक असते. मग दहापैकी सात दिवसांची जीत कौशल्याचा पुरावा कशी? दुसरे, खेळ अगदी बरोबरीचा असला, पण तुझ्याकडे हजार रुपये आणि समोरच्याकडे नऊ हजार असले, आणि एकाचा खिसा रिकामा होईतो खेळायचे ठरले, तर दहांपैकी नऊ वेळा तूच रिकामा होणार. तिसरे, मोठ्या टेबलावर डाव मोठा होतो, तशी माणसेही मुरलेली भेटतात. तेव्हा नोंदवही किती महिन्यांची आहे, हरण्याचा पैसा घरखर्चाचा तर नाही ना, आणि समोर कोण आहे, या तिन्हींची उत्तरे आल्याशिवाय उठून मोठ्या टेबलावर बसू नये.

एवढे कळणारा कार्दानो स्वतः मात्र थांबला का? नाही. सुमारे पंचवीस वर्षे आपण रोज फासे खेळलो, हे त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात शरमेने कबूल केले. थोरल्या मुलाने बायकोला विष घातले. १५६० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. धाकटा जुगारी निघाला आणि बापाच्याच घरात चोरी करू लागला. १५७० मध्ये धर्मपीठाने पाखंडाच्या आरोपावरून खुद्द कार्दानोला तुरुंगात टाकले. सुटल्यावर तो रोमला गेला आणि १५७६ मध्ये तिथेच वारला. शक्यता मोजणाऱ्याला घरातली शक्यता मोजता आली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. भाच्याचा प्रश्न कायद्याने मिटवला. माझा एक उरला आहे.

नोकरीला लागलो तेव्हा मी कल्याणहून दादरला लोकलने जात असे. डब्यात रमीचा ग्रुप होता. आधी चहाच्या पैशांवर खेळत होतो. एका आठवड्यात सारखा जिंकलो आणि मीच डाव वाढवा म्हणालो. पगाराच्या दिवशी घरी आलो तो निम्मा पगार घालवून. पाकीट मारले गेले, असे बायकोला सांगितले. तिने एक शब्द न बोलता त्या महिन्यात आपली पाटली मोडली.

भाच्याला सगळे सांगितले, हे तेवढे सांगितले नाही. रविवारची पुरवणी आमच्याकडे आधी तीच वाचते. आज चहा थोडा उशिरा मिळेल, अशी माझी अटकळ आहे.