संत ऑगस्टीन : चुकलेल्या तरुणांचा सोबती

धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वाडवडिलांच्या सेवेचें स्मरण होणें योग्यच आहे. परंतु देवळाच्या मागच्या बाकांवर मान खालीं घालून बसणाऱ्या आमच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचेंही स्मरण व्हावें, असें आम्हांस वाटतें. हातून एखादी चूक घडली म्हणजे आतां आपण देवास नकोसे झालों, असा ग्रह त्यांचें कोवळें मन करून घेतें. अशांसाठीं आम्ही संत ऑगस्टीन यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगतों.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते येथें झाला. हें स्थळ आजच्या अल्जीरिया देशांत आहे. आई मोनिका भाविक ख्रिस्ती होती. वडील पात्रिसियुस यांनीं मात्र आयुष्याच्या अखेरीसच ख्रिस्ताचा स्वीकार केला. मुलगा बुद्धीनें तल्लख. पण सोळाव्या वर्षीं पैशाच्या अडचणीमुळें त्याचें शिक्षण खुंटलें व तो घरीं रिकामा राहिला. रिकामपणांत वाईट संगत जडली. एके रात्रीं सोबत्यांसह त्यानें शेजारच्या नासपतीच्या झाडाचीं फळें चोरलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं. चोरलेलीं फळें त्यांनीं डुकरांपुढें टाकलीं. एकटा असता तर हें त्याच्या हातून घडलें नसतें. मित्रांत भित्रा ठरूं नये, म्हणून घडलें.

पुढें कार्थेज शहरीं शिकत असतां तो विवाहावांचून एका स्त्रीसह राहूं लागला व त्यांस अदेओदातुस हा पुत्र झाला. मानी पंथाच्या नादांतही त्याचीं सुमारें नऊ वर्षें गेलीं. ह्याच काळांत तागास्ते येथें त्याचा जिवलग मित्र तापानें वारला. ज्या ठिकाणीं दोघे मिळून वावरले, तीं ठिकाणें त्यास पाहवेनात. अखेर तो गांव सोडून गेला. एवढ्या बुद्धिमान माणसाचेंही मन असें खचलें! तेव्हां मन खचणें हें पाप नव्हे, हें आमच्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

मोनिकेनें मुलाची आशा सोडली नाहीं. इ. स. ३८३ मध्यें तिला चकवून तो रात्रीं गलबतानें रोमला निघून गेला; तरी ती समुद्र ओलांडून मिलान येथें त्याला भेटली. तेथील बिशप संत अँब्रोज यांच्या प्रवचनांनीं त्याच्या शंका फिटूं लागल्या. बुद्धीस सत्य पटलें, पण जुन्या संवयी सुटेनात. ३८६ सालीं एका बागेंत तो रडत असतां, ग्रंथ घेऊन वाचावा असें सुचविणारे बालशब्द शेजारच्या घरांतून त्याच्या कानीं पडले. त्यानें संत पौलाचें लिखाण उघडलें, आणि मनांतील काळोख सरला. ३८७ च्या पास्काच्या रात्रीं त्याचा व अदेओदातुसचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षीं ओस्तिया बंदरीं मोनिकेनें समाधानानें देह ठेवला.

३९१ मध्यें ऑगस्टीन हिप्पो येथें धर्मगुरू झाले व कांहीं वर्षांतच तेथील बिशप. त्यानंतर त्यांनीं ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहिला. सर्वांच्या आदरास पात्र झालेल्या ह्या पुरुषानें त्यांत सोळाव्या वर्षींची ती क्षुल्लक चोरीही लपविली नाहीं. बिशप झाल्यावरही मोह सतावतात, हेंही मोकळेपणें सांगितलें. इ. स. ४३० मध्यें वांडाल लोकांनीं हिप्पोस वेढा दिला असतां ते शेवटच्या दुखण्यांत पश्चात्तापाचीं स्तोत्रें भिंतीवर लावून वाचीत राहिले. २८ ऑगस्ट रोजीं त्यांचें निधन झालें.

प्रिय मुलांनो, लपविलेली चूक मनांत कुजते. सांगितलेली चूक क्षमेच्या वाटेस लागते. म्हणून आईजवळ, वडिलांजवळ किंवा विश्वासाच्या एखाद्या थोर माणसाजवळ मन मोकळें करा, आणि पापनिवेदनास जाण्यास संकोच करूं नका. आईबापांसही आमची विनंती आहे, कीं मुलगा चुकला म्हणजे दार लावूं नये. मोनिकेप्रमाणें धीर धरावा. ख्रिस्तसभा २७ ऑगस्टला त्या मातेचा व दुसऱ्याच दिवशीं तिच्या पुत्राचा सण पाळते. ह्या मायलेकरांच्या मध्यस्थीनें आमच्या धर्मग्रामांतील एकही लेकरूं निराश न होवो, हीच ह्या ज्युबिलीनिमित्त प्रभुचरणीं आमची प्रार्थना.