इल्या मेचनिकॉव्ह

इल्या इलिच मेचनिकॉव्ह (१५ मे १८४५ – १५ जुलै १९१६) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ आणि रोगप्रतिकारशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होते. फ्रान्समध्ये ते एली मेचनिकॉफ या नावाने ओळखले जात. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून पचविणाऱ्या भक्षक पेशींचे कार्य त्यांनी उलगडून दाखविले. दाह ही निव्वळ विकृती नसून मूलतः शरीराच्या संरक्षणाची क्रिया आहे, हा विचार त्यांनी प्रस्थापित केला. या कार्यासाठी १९०८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पाउल एर्लिख यांच्यासमवेत विभागून मिळाले. रक्षण करणाऱ्या याच पेशी उतारवयात शरीराच्या अवयवांवर उलटतात, ही कल्पनाही त्यांनीच मांडली. दीर्घकालिक दाहाच्या आजच्या अभ्यासात तिची आठवण आवर्जून केली जाते.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

मेचनिकॉव्ह यांचा जन्म खारकिव्ह प्रांतातील इव्हानोव्का या गावी झाला. हा भाग आज युक्रेनमध्ये आहे. वडील लष्करी अधिकारी होते, तर आई ज्यू वंशाच्या लेखकाची कन्या होती. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. त्यांचे बंधू लेव्ह हे भूगोलज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. दुसरे बंधू इव्हान हे न्यायखात्यात होते. लिओ टॉलस्टॉय यांच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या कथेतील नायक त्यांच्यावरून बेतला असल्याचे मानले जाते.

खारकिव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांतच पुरा केला. त्यानंतर त्यांनी जर्मनी व इटलीत सागरी प्राण्यांच्या भ्रूणविकासाचा अभ्यास केला. १८६५ मध्ये गीसेन येथे एका चपट्या कृमीच्या पेशी अन्नकण आत घेऊन पचवितात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण त्या वेळी साधे वाटले, तरी पुढील सर्व संशोधनाचे बीज त्यातच होते. १८७० मध्ये ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वैयक्तिक आयुष्य

१८६९ मध्ये त्यांचा विवाह ल्युडमिला फिओदोरोविच यांच्याशी झाला. वधू क्षयाने इतकी जर्जर झाली होती की, विवाहविधीसाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालटासाठी केलेले सर्व प्रयत्न व्यर्थ ठरले आणि १८७३ मध्ये मदीरा बेटावर तिचा अंत झाला. क्षयाचे कारण तेव्हा अज्ञात होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध त्यानंतर नऊ वर्षांनी जाहीर केला. या आघाताने खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला, परंतु ते बचावले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोवा यांच्याशी दुसरा विवाह केला. १८८० मध्ये ओल्गा विषमज्वराने गंभीर आजारी पडल्या. राजकीय अस्थैर्य, विद्यापीठातील कलह आणि घरातील आजारपण यांनी मेचनिकॉव्ह पुन्हा निराशेच्या गर्तेत सापडले. १८८१ मध्ये त्यांनी पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःस टोचून घेतले. अत्यवस्थ होऊनही ते वाचले आणि आजारातून उठल्यावर त्यांची जीवनेच्छा परत आली. ओल्गा यांनी पुढे संशोधनात त्यांना साथ दिली आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे चरित्र लिहिले.

भक्षक पेशींचा शोध

१८८२ मध्ये विद्यापीठाचा राजीनामा देऊन ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमधील फिरत्या पेशी ते सूक्ष्मदर्शकातून पाहत असत. एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहण्यास गेली असता त्यांच्या मनात एक विचार आला. अन्नकण गिळणाऱ्या या पेशी शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूवरही चालून जात असल्या पाहिजेत. त्यांनी बागेतील बारीक काटे आणून अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला दिसला.

या प्रयोगाचे महत्त्व जाणण्यासाठी तत्कालीन समज लक्षात घेतला पाहिजे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन काळापासून ज्ञात होती. वैद्यकीय परिभाषेत दाहाला शोथ असेही म्हणतात. युलियुस कोनहाइम यांनी दाहात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भित्तीतून बाहेर पडतात, हे दाखविले होते. त्यामुळे दाह हा मुख्यतः रक्तवाहिन्यांचा विकार समजला जाई. पांढऱ्या पेशींत जंतू दिसले, तर त्या पेशी जंतूंचा प्रसार करतात, असेही अनेकांना वाटे. तारामाशाच्या अळीत मात्र रक्तवाहिन्या नसताना पेशी गोळा झाल्या होत्या. म्हणजे दाहाचा गाभा रक्तवाहिन्यांत नसून पेशींच्या हालचालीत आहे, असा निष्कर्ष मेचनिकॉव्ह यांनी काढला.

व्हिएन्नातील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळाले. १८८४ मध्ये डॅफ्निया या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यावरील अभ्यासाने या मताला बळकटी आली. भक्षक पेशींनी बुरशीचे बीजाणू नष्ट केले, तर प्राणी जगे. बीजाणू वरचढ ठरले, तर तो मरे.

पॅरिसमधील कार्य

१८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्रीय केंद्र सुरू झाले आणि मेचनिकॉव्ह त्याचे संचालक झाले. ते स्वतः वैद्य नसल्याने स्थानिक वैद्यांनी त्यांना विरोध केला. त्यांच्या अनुपस्थितीत मेंढ्यांना टोचलेल्या काळपुळीच्या लसीने असंख्य मेंढ्या दगावल्या. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली. तेथे त्यांनी अखेरपर्यंत काम केले.

रोगप्रतिकार पेशींमुळे होतो की रक्तद्रवातील घटकांमुळे, या प्रश्नावर त्या काळी तीव्र वाद झाला. एमिल फॉन बेरिंग यांच्यासह अनेक जर्मन शास्त्रज्ञ दुसऱ्या पक्षात होते. मेचनिकॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्यूल बॉर्दे यांच्या संशोधनानेही रक्तद्रवाचे महत्त्व सिद्ध झाले. पुढे रक्तद्रवातील काही घटक जंतूंना भक्षक पेशींसाठी सुगम करतात, असे आल्मरॉथ राइट यांनी दाखविले. दोन्ही पक्षांत तथ्य असल्याचे स्पष्ट झाले आणि १९०८ चे पारितोषिक दोहोंच्या प्रतिनिधींना एकत्र मिळाले.

महाराष्ट्राशी या परंपरेचा थेट संबंध आहे. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हे त्यांच्यामागोमाग पाश्चर संस्थेत आले. मुंबईतील प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दीर्घकालिक दाह व वार्धक्याविषयीचे विचार

दाहाच्या तुलनात्मक विकृतिशास्त्रावरील मेचनिकॉव्ह यांची व्याख्याने १८९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भक्षक पेशींचे त्यांनी लहान व मोठ्या असे दोन गट केले. मोठ्या पेशींना त्यांनी मॅक्रोफेज हे नाव दिले. क्षयरोगाच्या गाठींमधील महाकाय पेशी या जंतूंशी झुंजणाऱ्या भक्षक पेशीच असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. शत्रू लवकर नष्ट झाला, तर दाह शमतो. तो चिवट असेल, तर लढाई लांबते आणि ज्या अवयवात ती चालते तो अवयवच झिजत जातो.

हाच विचार त्यांनी पुढे वार्धक्याला लावला. उतारवयात मॅक्रोफेज मेंदू, यकृत व मूत्रपिंडातील कार्यक्षम पेशींवर आक्रमण करतात आणि त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढते, असे त्यांचे मत होते. या बिघाडाचे मूळ त्यांनी मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषारी द्रव्यांत शोधले. त्यावर उपाय म्हणून दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंनी आंबविलेले दूध घेण्याचा सल्ला त्यांनी दिला व स्वतःही ते घेत असत. वार्धक्याच्या अभ्यासाला जेरोन्टोलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले.

मूल्यमापन

मेचनिकॉव्ह यांचे सर्व निष्कर्ष टिकले नाहीत. मोठे आतडे हे वार्धक्याचे उगमस्थान आहे हे मत मान्य झाले नाही. केस पांढरे होण्याचे कारण भक्षक पेशी रंगकण खातात हे आहे, हा त्यांचा दावाही मागे पडला. आंबविलेल्या दुधाने आयुष्य वाढते, हेही सिद्ध झालेले नाही. मूळ दृष्टी मात्र खरी ठरली. न शमणाऱ्या दाहात मॅक्रोफेज पेशींचा मोठा वाटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. रोहिणीच्या भित्तीत त्या मेद गिळून साचतात व तेथे रक्तप्रवाहास अडथळा आणणारा थर वाढतो. संधिवाताभ संधिशोथात सांध्याचे अस्तर सुजून कूर्चा व हाड झिजते. यकृताचा दाह वर्षानुवर्षे राहिल्यास ते तंतुमय होते, तर मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहामुळे कर्करोगाचा धोका वाढतो. वयाबरोबर वाढणाऱ्या सौम्य, सार्वदेहिक दाहाला क्लाउडिओ फ्रान्चेस्की व सहकाऱ्यांनी २००० मध्ये स्वतंत्र नाव दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण घटले. त्याच औषधाने प्राणघातक जंतुसंसर्ग मात्र वाढले. दाह शमविताना संरक्षणही दुबळे होते, ही अडचण वैद्यकशास्त्रापुढे अद्याप कायम आहे.

निधन

पहिल्या महायुद्धाने पाश्चर संस्थेतील संशोधन विस्कळीत झाले. मेचनिकॉव्ह यांचे हृदय त्याआधीच दुर्बल झाले होते. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिस येथे हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.