छापा की काटा?

‘गॉन विथ द विंड’मधला रुबाबदार ऱ्हेट बटलर अनेकींना आठवत असेल. ती भूमिका करणारा क्लार्क गेबल आपल्याकडेही ठाऊक आहे. त्याची बायको कॅरोल लोम्बार्ड मात्र आपल्याला फारशी माहीत नाही. खरं तर तिच्या काळात ती हॉलिवूडमधल्या सर्वांत महागड्या नट्यांपैकी एक होती. आयुष्य मिळालं जेमतेम ३३ वर्षांचं.

तिचं खरं नाव जेन अ‍ॅलिस पीटर्स. ६ ऑक्टोबर १९०८ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, फोर्ट वेन या गावी तिचा जन्म झाला. घरी खाऊनपिऊन सुखी, पण आईवडिलांचं पटेना. शेवटी आई बेस हिने दोन मुलगे आणि धाकटी जेन अशी तीन मुलं घेऊन थेट लॉस एंजेलिस गाठलं. ते साल होतं १९१४. नवऱ्याचं घर सोडून तीन लेकरांसह परक्या शहरात बिऱ्हाड मांडायचं, हे त्या काळी तिकडेही सोपं नव्हतं. पण बेस खंबीर होती. मुलगी भावांच्या बरोबरीने रस्त्यावर बेसबॉल खेळायची, तर आईने तिला कधी अडवलं नाही. असंच खेळताना एका दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि बाराव्या वर्षी ती पहिल्यांदा पडद्यावर आली.

सोळाव्या वर्षी मोठ्या स्टुडिओशी करार झाला. आता नशीब उघडलं असं वाटत असतानाच मोटारीचा अपघात झाला आणि काच लागून गालावर व्रण राहिला. नटीचं सगळं भांडवल म्हणजे चेहरा! दुसरी एखादी घरी बसली असती. कॅरोलने विनोदी मूकपटांत धडपडायची, आपटायची कामं पत्करली. प्रकाशयोजना आणि कॅमेरा यांचा बारकाईने अभ्यास केला. व्रण कुठल्या उजेडात लपतो, हे ती शिकून घेत होती. त्या विनोदी कामांतच तिला स्वतःची खरी ताकद सापडली. सुंदर बाईने हसवायचं, तेही स्वतःची फजिती करून घेत, हे प्रेक्षकांना नवं होतं. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’ (१९३४) गाजला आणि ‘माय मॅन गॉडफ्री’साठी (१९३६) तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

१९३७ साली तिची कमाई सुमारे साडेचार लाख डॉलर होती. त्यातला मोठा हिस्सा करात गेला, पण तिने कुरकुर केली नाही. उलट, आपण देशाला आनंदाने कर देतो, असं तिने जाहीरपणे सांगितलं.

विल्यम पॉवेल या नटाशी झालेलं पहिलं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. २९ मार्च १९३९ रोजी तिने क्लार्क गेबलशी लग्न केलं, तेही त्याच्या शूटिंगमधली सुट्टी साधून. दोघांनी शहराबाहेर शेतघर घेतलं, कोंबड्या पाळल्या. एकमेकांना ‘मा’ आणि ‘पा’ म्हणायचे. मूल व्हावं ही तिची फार इच्छा होती. ती मात्र अपुरीच राहिली.

डिसेंबर १९४१मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. सरकारला पैसा हवा होता. त्यासाठी लोकांनी कर्जरोखे घ्यावेत म्हणून कलावंत प्रचाराला निघाले. कॅरोलला तिच्या जन्मराज्यात पाठवलं गेलं. सोबत आई आणि स्टुडिओचा प्रसिद्धी-प्रतिनिधी ओटो विंकलर. १५ जानेवारी १९४२ रोजी इंडियानापोलिसमध्ये तिने एका दिवसात वीस लाख डॉलरहून जास्त किमतीचे रोखे विकले. अपेक्षा होती पाच लाखांची!

परतीचा प्रवास रेल्वेने ठरला होता. पण कॅरोलला लवकर घरी पोचायचं होतं. आईला विमानाची भीती वाटायची. विंकलरलाही रेल्वेच बरी वाटत होती. शेवटी छापा-काटा झाला. कॅरोल जिंकली.

१६ जानेवारीला पहाटे तिघं विमानात बसली. वाटेत अल्बुकर्कीला लष्कराच्या वैमानिकांसाठी जागा रिकाम्या करायला सांगितलं गेलं. प्रसिद्ध व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी उतरले आणि वाचले. कॅरोल मात्र हटून बसली. आपणही देशाचंच काम करून येतोय, हा तिचा मुद्दा होता आणि तो मान्य झाला.

संध्याकाळी इंधनासाठी विमान लास व्हेगासला उतरलं. सातनंतर पुन्हा उडालं आणि पंधरा मिनिटांच्या आत पोटोसी पर्वताच्या कड्यावर आदळलं. इंजिनात बिघाड नव्हता, आकाशही निरभ्र होतं. विमान ठरल्या वाटेपासून सरकलं होतं. एरवी वैमानिकांना वाट दाखवणारे डोंगरातले दिवे शत्रूच्या भीतीने विझवून ठेवलेले होते. विमानातल्या बावीस जणांपैकी एकही वाचलं नाही. त्यांत पंधरा तरुण सैनिकी वैमानिक होते.

बर्फ तुडवत माणसं वर पोचली, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेबल पायथ्याशी थांबून होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो हवाई दलात भरती झाला. कॅरोलचा शेवटचा सिनेमा, ‘टू बी ऑर नॉट टू बी’, तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला. १९४४मध्ये एका मालवाहू जहाजाला तिचं नाव दिलं गेलं.

१९६०मध्ये गेबल गेला, तेव्हा त्याला तिच्याशेजारीच पुरलं. त्याच दफनभूमीत बेसही आहे. कॅरोलबद्दल लिहिताना तिचं नाव बहुधा एका ओळीत उरकलं जातं. पण तीन मुलांना घेऊन एकटी नव्या शहरात आली ती बेस. गालावर व्रण असलेल्या मुलीच्या पाठीशी उभी राहिली तीही बेसच. आणि नाणं विरुद्ध पडल्यावर, मनात भीती असूनही, लेकीबरोबर मुकाट्याने विमानाची शिडी चढली तीही बेसच.